माथेरानची वाट

एप्रिल २०२५ मध्ये आपल्या मंडळाच्या बावीस जणी दोन दिवस माथेरानला राहून आल्या. त्या सहलीचा वृत्तांत स्मरणिकेसाठी लिहावा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. परंतु वृत्तांतात लिहिण्याजोगे फारसे काही घडलेच नाही. कोणी वाट चुकले नाही, कोणाचे पाकीट गेले नाही, आणि माकडाने एका पिशवीतल्या दशम्या पळविल्या एवढीच काय ती खळबळजनक घटना. तेव्हा ज्या वाटेने आपण गेलो त्या वाटेचाच थोडा इतिहास भगिनींपुढे मांडावा असे मी योजिले आहे. तो वाचून पुढच्या सहलीला आणखी चार जणी निघाल्या तर लिहिण्याचे सार्थक झाले.

सहल ठरविण्याच्या सभेत एक प्रश्न निघाला होता, तो बहुतेकींना आठवत असेल. घरून दोन दिवस बाहेर राहण्याची परवानगी मागताना काय सांगायचे? सिद्धटेकला किंवा पंढरपूरला जायचे असते तर कोणाच्या घरी कोणी चकार शब्द काढला नसता. देवाला जाणाऱ्या बाईला अडविण्याचे धैर्य आपल्याकडे अजून कोणाला झालेले नाही! पण "माथेरानला कशाला?" ह्या प्रश्नाला "बसायला" हे उत्तर चालत नाही. चौघींची नावे त्या प्रश्नापाशीच गळाली.

ह्यात नवल काही नाही. आपल्या आज्यांना घराबाहेर पडण्याच्या वाटा होत्या, नव्हत्या असे नाही. माहेर होते, जत्रा होती, वारी होती, बाळंतपण होते. पंचमीला माहेरचा मुराळी आला की चार दिवस झोक्यावर बसता येई. पण प्रत्येक वाटेला एक कारण चिकटलेले असे. देवाचे, सणाचे, नाहीतर दुखण्याचे. नुसते थकले आहे म्हणून बसावे, ही मुभा त्यांच्या हिशेबात कधी धरलीच गेली नाही. "हवापालट" हा शब्दही आपल्या घरांत शिरला तो डॉक्टरच्या चिठ्ठीतून. पाचगणीला १९१२ साली डॉ. बिलिमोरिया ह्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. म्हणजे डोंगरावरची गार हवा खायची तर आधी छातीला दुखणे लागले पाहिजे!

आता ही थंड हवेची ठिकाणे मुळात झाली कशी ते पाहू. इंग्रज ह्या देशात आला आणि उन्हाळ्याने हैराण झाला. तापाने त्याची माणसे पटापट मरू लागली. मग त्याने डोंगर धुंडाळले. दक्षिणेत निलगिरीवर उटकमंड वसले, आपल्या मुलखात महाबळेश्वर. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनी १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली आणि बदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव दिले. पुढे उन्हाळा लागला की मुंबई सरकारचा सारा कारभार कागदपत्रांसकट डोंगर चढू लागला. तेथे एक तुरुंगही होता आणि त्यात दूरवरून आणलेले चिनी कैदी होते. साहेबांच्या ताटातील बटाटे व भाजीपाला पिकविण्याचे काम त्या कैद्यांनी केले. हा तपशील मी मुद्दाम सांगते. कोणाच्या विश्रांतीसाठी कोण राबले, हे पाहिल्याशिवाय ह्या ठिकाणांचा इतिहास पुरा होत नाही.

माथेरान त्या मानाने धाकटे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढून गेले, आणि तेथली झाडी व वारा पाहून हे ठिकाण साहेबलोकांच्या नजरेस आणण्याचा उद्योग त्यांनी केला. पुस्तकांतून "मॅलेट ह्यांनी माथेरान शोधले" असे लिहिलेले असते. धनगर, ठाकूर आणि कातकरी तेथे आधीपासून वावरत होते. त्यांना ते कधी हरवलेलेच नव्हते, तेव्हा शोधणार काय? डोंगराच्या पोटात जी पायवाट होती ती त्यांच्याच पायांनी पडलेली. त्यांचा पिसारनाथ आजही शार्लोट तलावाच्या काठी बसला आहे आणि त्या तलावाचे पाणी गाव पिते.

पण नुसत्या कलेक्टरच्या आवडीने गाव वसत नाही. माथेरान वसले ते आगगाडीमुळे, आणि येथे आपल्या दौंडचा संबंध येतो. कल्याणहून खोपोलीकडे जाणारी गाडी १८५६ साली सुरू झाली. ती माथेरानच्या पायथ्याच्या नेरळवरून जाई. मुंबईचा साहेब सकाळी गाडीत बसला की नेरळला उतरून घोड्यावर किंवा पालखीत बसून दिवसाउजेडी डोंगरावर पोहोचू लागला. इकडे घाटावर खंडाळा ते पुणे हा रस्ता १८५८ च्या जूनमध्ये खुला झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याहून दिक्सळपर्यंत गाडी धावू लागली. दौंडला पहिली शिट्टी ऐकू आली ती तेव्हा. पुढे १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झाले, ती गोष्ट निराळी.

म्हणजे १८५८ साली दौंडातही रूळ होते आणि नेरळातही. मधे मात्र बोरघाट आडवा होता. घाटाखाली उतरून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करायची आणि वर येऊन पुन्हा गाडी धरायची, असा द्राविडी प्राणायाम प्रवाशांना करावा लागे. पंधरा मैलांत १८३१ फूट चढायचे होते आणि वाटेत पंचवीस बोगदे कोरायचे होते. पहिल्या कंत्राटदाराच्या वेळी मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला. १८५९ मध्ये काम सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे गेले. तो हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला.

आणि मग भगिनींनो, ते कंत्राट कोणी पुरे केले? त्याच्या विधवा पत्नीने. अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने आपल्या नावावर ते काम पुढे चालविले. देखरेखीला तिने जाणते इंजिनिअर नेमले, पण करार तिचा आणि जबाबदारी तिची. १८६३ च्या एप्रिलात बोरघाट खुला झाला. दौंडहून मुंबईकडे जाताना आपण खंडाळा सोडले की खिडकीतून धबधबे पाहतो, बोगदा आला की मुले ओरडतात. ह्या वाटेचे कंत्राट एका बाईने निभावले होते हे मला स्वतःला चाळिशी उलटेपर्यंत कोणी सांगितले नव्हते. शाळेत असताना मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी आणि तिचे साल तेवढे पाठ करून घेतले होते.

अ‍ॅलिसबाईंचे नाव निदान कागदावर राहिले. १८६१ साली ह्या घाटात बेचाळीस हजारांवर मजूर एका वेळी कामाला होते. त्यांत बायका आणि पोरे मोठ्या संख्येने होती. पुरुषांनी सुरुंग लावून दगड फोडायचा आणि बायकांनी पाट्यांतून तो वाहायचा, अशी वाटणी. पटकीच्या साथी येत आणि झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या होत. त्या बायकांपैकी एकीचेही नाव मला कोठे आढळले नाही. आपली गाडी कर्जतकडे उतरत होती तेव्हा आपल्यातल्या काहींनी भजन धरले होते. मी खिडकीशी बसून दगडी भिंतींकडे पाहत होते आणि प्रत्येक चिऱ्यामागे एक पाटी मोजत होते. अर्थात मोजणी थोड्याच वेळात चुकली.

आता नेरळहून वर नेणाऱ्या छोट्या गाडीविषयी. मुंबईचे बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय ह्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांनी ही लाईन बांधली. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये, आणि तो पित्याच्या पदरचा. रूळ अवघे दोन फूट रुंद. डोंगर फोडण्यापेक्षा डोंगराला वळसे घालावेत हे धोरण ठेवल्यामुळे सगळ्या वाटेवर बोगदा एकच, आणि तोही इतका लहान की त्यास इंग्रजीत "एका मुक्याचा बोगदा" म्हणत! (आमच्यातल्या पासष्टीच्या एका बाई हे ऐकून जे हसल्या, ते अमन लॉज येईपर्यंत हसतच होत्या.) जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशने घेत सुमारे एकवीस किलोमीटरचा हा प्रवास दोन-अडीच तास चालतो. जर्मन बनावटीची वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली. जुलै २००५ च्या महापावसात लाईन जागोजाग वाहून गेली ती २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा तोडली आणि २०२२ च्या ऑक्टोबरात ती परत जोडली गेली. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंदच असते. अमन लॉज ते माथेरान एवढी फेरी तेवढी चालते.

छोटी गाडी मोजक्या डब्यांची. बावीस जणींना एकदम जागा मिळणे कठीण. म्हणून नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत आम्ही वाटून मोटारी केल्या. दस्तुरीच्या पुढे मोटारीला बंदी आहे. तेथून बाजारपेठ अडीच किलोमीटर असेल. तांबडी माती, दोन्ही बाजूंनी झाडी, आणि मोटारीचा कर्णा नाही. ज्यांचे गुडघे धड होते त्या चालत निघाल्या, बाकीच्या छोट्या गाडीच्या फेरीत बसल्या.

येथे शास्त्राचीही एक गोष्ट सांगून टाकते, कारण तिने माझी समजूत बदलली. आपण म्हणतो, उंचावर गार असते. खरेच आहे; एक किलोमीटर चढले की पारा साधारण सहा अंशांनी उतरतो. पण माथेरानची उंची आठशे मीटर, आणि आपले दौंड स्वतःच पाचशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे फरक तीनशे मीटरांचा. त्याने दोन अंशांपलीकडे काही उतरत नाही. मग एप्रिलात दौंडला पंखाही गरम वारा फेकतो आणि माथेरानला दुपारी झाडाखाली डोळा लागतो, हे कसे? एक तर समुद्राकडून येणारा वारा. दुसरे म्हणजे झाडी. दौंड पर्जन्यछायेत, कालव्याच्या पाण्याने ऊस हिरवा दिसतो, पण उसाची सावली कोणाच्या अंगावर पडत नाही. माथेरानच्या रानाने आपले छप्पर राखले. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्याचाही त्यात वाटा आहे. तेव्हा ते गार ठेवले आहे ते मुख्यतः झाडांनी, आणि झाडे न तोडणाऱ्यांनी.

माथेरानला गेलेली मंडळी पॉइंट मोजतात. पॅनोरामा झाला, एको झाला, लुईझा झाला. ह्या पॉइंटांची नावे बहुतेक साहेब-मडमांची. त्या गावात जन्मलेल्या एका माणसाचे नाव मात्र फिरायला येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानात एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. १९४२ च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. साहेबाला हवा खाण्यासाठी वसविलेल्या गावात साहेबाला हुसकावणारा निपजला, ही गोष्ट मला कोणत्याही पॉइंटावरून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा मोठी वाटते. आम्ही त्यांच्या गावात होतो म्हणून संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ही हकिकत एकमेकींना सांगितली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येते. आमच्याबरोबर एक ज्येष्ठ सभासद होत्या. त्यांना आम्ही सगळ्या काकी म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले. दुसऱ्या दिवशी त्यांना तलावापर्यंत यायचे होते. माथेरानात तेव्हा हातरिक्षा होत्या. एकाने पुढून ओढायचे, दोघांनी मागून ढकलायचे. चढावर तिघांच्याही तोंडाला फेस येई. अशा ९४ रिक्षांना परवाने होते. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा २०२२ च्या डिसेंबरापासून प्रायोगिक म्हणून आल्या होत्या, पण त्या मोजक्याच, आणि त्यांच्यासाठी रांग. एक हातरिक्षावाला भाऊ पुढे आला. काकी त्याच्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या वयाचा आहे हा. ह्याच्या खांद्यावर बसून मी देव पाहू?" तो म्हणाला, "आजी, तुम्ही नाही बसलात तर माझ्या घरी चूल कशी पेटेल?"

दोघांचेही खरे होते. आम्ही बावीस जणी तेथे उभ्या, आणि कोणालाच पुढे बोलता येईना. शेवटी काकी बसल्या नाहीत. रिक्षाचे भाडे त्यांनी त्याच्या हातावर ठेवले तर त्याने ते घेतले नाही. मग त्याने त्यांची पिशवी उचलली, हाताला धरून सावकाश तलावापर्यंत नेले, आणि त्याचे म्हणून पैसे घेतले. तासाभराची वाट त्यांनी दोन तासांत काटली. रस्त्यात त्यांच्या बरोबरीने एक बाई डोक्यावर पाहुण्यांची मोठी पेटी घेऊन चालत होती. ती पायथ्याच्या वाडीतून रोज पहाटे डोंगर चढून येत असे. आमच्यापैकी एकीने तिला विचारले, "तू कधी बसतेस गं ह्या सावलीला?" ती हसली आणि म्हणाली, "पाऊस लागला की, तुम्ही येत नाही तेव्हा."

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रश्नावर निकाल दिला. सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या खंडपीठाने सांगितले की, माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही प्रथा अमानुष आहे आणि सहा महिन्यांत ती बंद करावी. रिक्षा ओढणाऱ्यांचे पोट त्यामुळे मारले जाऊ नये, म्हणून त्यांना बॅटरीच्या रिक्षा द्याव्यात आणि पैसे नाहीत ही सबब सरकारने सांगू नये, असेही बजावले. हातरिक्षावाल्यांची संघटनाच बॅटरीच्या रिक्षांसाठी न्यायालयात गेली होती, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. ओझे टाकण्याची मागणी ओझे वाहणाऱ्यांनीच केली. आणखी एक गोष्ट निकालात आहे. ह्या लोकांना देऊन रिक्षांची गरज उरली तर त्या आदिवासी स्त्रियांना व इतर रहिवाशांना देता येतील. बातमी वाचली त्या दिवशी मी काकींना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्या पेटीवालीला मिळू दे एक. मग मी बसेन. तिने चालवावी, मी भाडे द्यावे."

राहता राहिला हिशेब. घरी मागण्याची पंचाईत होऊ नये म्हणून वर्गणी माणशी पंधराशे रुपयेच ठेवली होती. ती पुरली, कारण शनिवार-रविवार टाळून आम्ही सोमवारी निघालो. पुणे, कर्जत, नेरळ असा साध्या डब्यातून प्रवास केला आणि मुक्कामाला खोल्या न घेता एक मोठी सामायिक जागा घेतली. पहिल्या दिवसाचे जेवण घरचे, म्हणजे दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि माकडाने ठेवले तेवढे. चप्पल आणि चिक्कीचा खर्च ज्याचा त्याने केला. तो मंडळाच्या वहीत नाही आणि काहींच्या घरीही सांगितलेला नाही.

सर्व खर्च वजा जाता १,१६० रुपये उरले. ते मंडळाच्या वहीत "सहल" ह्या नावाखाली जमा आहेत. पुढच्या वेळी महाबळेश्वर करावे असे बहुमत दिसते. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवास मोफतच. म्हणजे तोवर काकींचे तिकीट बहुधा लागणार नाही. मागच्या खेपेला ज्या चौघींची नावे गळाली त्यांच्यापैकी दोघींनी आपली नावे आताच दिली आहेत. घरी काय सांगितले असे मी त्यांना विचारले. एकीने सांगितले, "महाबळेश्वरला शंकराचे देऊळ आहे ना, तेच सांगितले." दुसरीने मात्र "बसायला जाते" असेच सांगितले म्हणे. तिच्या घरी अजून उत्तर आलेले नाही.